आरशात काढलेली रेघ

“मान उचला. फक्त मान. खांदे टेबलावरच राहू देत.”

एवढं बोलून सर आपल्या उजव्या हाताची बोटं पेशंटच्या बेंबीच्या जरा वर शेजारी शेजारी रोवायचे. झोपलेल्या माणसाने मान उचलली की पोटाचे दोन उभे स्नायू ताठ होतात आणि त्यांच्या मधली फट बोटांना लागते. मग माझ्याकडे न बघता म्हणायचे, “सिस्टर, लिहा. साडेतीन बोटं.”

मी लिहायची. पण बोटं कुणाची, तर सरांची, आणि ती होती वेलची केळ्यांसारखी जाडजूड. त्यांची साडेतीन म्हणजे तुमची-आमची पाच. एकदा मी धीर करून विचारलं, “सर, सेंटिमीटरमध्ये लिहू का?” तर म्हणाले, “पट्टीवरचे आकडे पुसट होतात. माझी बोटं चाळीस वर्षं तीच आहेत.” केसपेपरवर बोटंच राहिली.

वर्तकनगरात पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. खाली फरसाणचं दुकान, वर प्लास्टिक सर्जरी. म्हणजे पोट वाढवायची आणि कमी करायची सोय एकाच जिन्यावर. तुम्हीही रिक्षातून जाताना अशी पाटी वाचली असेल आणि मनात म्हटलं असेल, पैसेवाल्यांचे चोचले. ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून तिथे लागले तेव्हा मीही तेच म्हणाले होते. पहिल्याच आठवड्यात कल्याणची एक बाई आली. जुळ्या मुलांची आई, शाळेत शिक्षिका.

“डॉक्टर, रिक्षाच्या लाइनीत लोक मला पुढे सोडतात,” ती म्हणाली. “‘जा ताई, तुम्ही जा आधी.’ एकीने तर कितवा महिना विचारलं. माझी मुलं सहावीत आहेत हो.”

“मग रिक्षा पटकन मिळत असेल की,” सर म्हणाले.

बाई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. सरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी नॅपकिनचा डबा तिच्याकडे सरकवला आणि तिचं रडणं संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. मग स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवून तिला समजावलं. गरोदरपणात हे दोन स्नायू बाजूला सरतात. बहुतेकींचे परत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मधलं आवरण सैल पडतं आणि आतलं सगळं पुढे येतं. “तुम्ही आळशी नाही आहात. जिममध्ये जाऊन पोटाचे व्यायाम करून दमलात ना? इतकी फट असली की व्यायामाने स्नायू दणकट होतो, शेजाऱ्याकडे सरकत नाही.”

हे सांगताना त्यांनी दाखवलेल्या शर्टाची दोन बटणं स्वतःच जिवाच्या आकांताने एकमेकांना धरून होती. सरांचं पोट हा दवाखान्यात कुणीही न काढायचा विषय होता.

चार महिन्यांनी ती बाई पेढे घेऊन आली. “आता अर्धा अर्धा तास उभी राहते लाइनीत. कुणी ढुंकून बघत नाही.” इतक्या आनंदाने ही तक्रार करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चोचले हा शब्द मी त्यानंतर वापरला नाही.

सरांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “भिंत आधी, रंग नंतर.” पोटाच्या या ऑपरेशनमध्ये लोकांना वाटतं की जास्तीची कातडी कापली, ताणली, शिवली, झालं. सर त्याला रंगकाम म्हणायचे. कातडी थेट बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलली, बेंबी तिच्या देठावर जागच्या जागी ठेवली, की खाली स्नायूंवरचं पांढरं आवरण दिसतं. ती त्यांची भिंत. तिच्यावर ते पेनने आंब्याच्या पानासारखा लांबट आकार काढायचे आणि पानाच्या दोन्ही कडा मध्यावर आणून शिवायचे. छातीच्या हाडाखालून सुरुवात, शेवट पार ओटीपोटाशी. पहिला थर सुट्या टाक्यांचा, गाठी आत वळवलेल्या, म्हणजे हाताला लागत नाहीत. त्यावर दुसरा थर, सलग धाग्याचा. मध्येच भूल देणाऱ्या मॅडमना विचारायचे, “श्वास कसा आहे?” पोट फार आवळलं की फुप्फुसांना खालून दाब येतो. मॅडमनी नुसती भुवई उचलली तरी सर घातलेला टाका मुकाट्याने कापून सैल घ्यायचे. इतर वेळी नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस तेवढ्या भुवईला मानायचा.

गंमत अशी की ही भिंत कुणालाच दिसायची नाही. बायका कौतुक करायच्या ते बेंबीचं. एकीने फोनवर कुठल्याशा नटीचा फोटो दाखवून म्हटलं, “अशी हवी.” सर म्हणाले, “बेंबी ही मागवायची वस्तू नाही. आहे ती नीट बसवतो.”

पुरुषांच्या बाबतीत तर ते आणखी फटकळ. मानपाड्याचा एक केटरर आला होता. पोट बघून सर म्हणाले, “तुमची चरबी भिंतीच्या आत आहे. तिथे माझी सुरी पोचत नाही. आधी दहा किलो उतरवा.” केटरर सरांच्या पोटाकडे बघत राहिला. सर म्हणाले, “इकडे काय बघताय? मी डॉक्टर आहे, उदाहरण नाही.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढे त्या हसण्याची मला लाज वाटली.

सर डोंबिवली पूर्वेला राहायचे, मी डोंबिवलीच्याच मानपाड्याला. ऑपरेशनच्या दिवशी ते मला गाडीतून न्यायचे. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या की आमचा अर्धा तास ठरलेला. तेवढ्यात ते एका हाताने शेव खात मला पोटाच्या थरांची उजळणी करायला लावायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की सीटबेल्ट लावला तरी पट्टा ते डाव्या हाताने पोटापासून वेगळा धरून ठेवतात. आधी वाटलं, शर्टाची इस्त्री जपतात. मग इस्त्री नसलेल्या शर्टालाही तेच दिसलं.

उत्तर मिळालं ते हात धुवायच्या खोलीत. एक लांबलेलं ऑपरेशन संपवून सर बाहेर आले होते. मी ट्रे घेऊन मागून गेले तर ते बेसिनवर ओणवे, कपाळावर घाम, आणि एका हाताने बेंबीपाशी काहीतरी आत ढकलतायत. लिंबाएवढा फुगवटा होता. हर्निया. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर भिंतीला भोक, आणि त्यातून आतडं बाहेर डोकावणारं.

“किती दिवस आहे, सर?”

“दिवस नाही. सहा वर्षं.”

“आणि अडकलं तर?”

हा प्रश्न मी कुणाला विचारत होते? आतडं त्या भोकात अडकलं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला तर तास मोजायची वेळ येते, हे त्यांनीच मला शीळफाट्यावर शिकवलं होतं. मग जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात, ड्यूटीवर असेल त्याच्या हाताखाली आडवं व्हायचं. जगला तर नशीब.

“कुणाकडे जाऊ?” सर म्हणाले. “ठाण्यात जे पोट उघडतात त्या सगळ्यांचं काम मी बघितलंय. बिघडलेली पोटं शेवटी माझ्याकडेच येतात. सिस्टर, कुणाला सांगायचं नाही. शपथ आहे.”

मी दोन महिने मूग गिळून गप्प राहिले. ते महिने मला फार वाईट गेले. सर शिंकले तरी मी हातातलं काम टाकून त्यांच्या पोटाकडे बघायची. शेवटी मी शपथ मोडली आणि डॉक्टर केतकीला सांगून टाकलं.

केतकी कल्याणची मुलगी. त्याच्या पाच वर्षं आधी सरांच्या हाताखाली शिकायला आली आणि तिथेच राहिली. अंगाने काटकुळी, बोलणं मोजकं. सरांनी तिला पहिलं वर्ष नुसतं बघायला लावलं, तिसऱ्या वर्षी वरचा थर शिवू दिला, चौथ्या वर्षी भिंत. पाचव्या वर्षी ती सगळं ऑपरेशन करायची आणि सर समोर उभे राहून प्रत्येक टाक्याला नाक मुरडायचे. फक्त एक गोष्ट त्यांनी तिला कधी करू दिली नाही. ऑपरेशनआधी पेशंटला उभं करून जांभळ्या मार्करने अंगावर रेघा काढायच्या असतात. मधली रेघ, कापायची वर-खालची कड. ते सर स्वतः करायचे, बुटक्या स्टुलावर पेशंटसमोर बसून. “उभा माणूस खरा,” ते म्हणायचे. “आडवा झाला की पोट खोटं बोलतं, सगळं बाजूला घसरतं. उभ्याने काढलेली रेघ टेबलावर बदलायची नाही.” हा त्या थिएटरचा कायदा होता.

माझं ऐकून केतकी तशीच उठली आणि सरांच्या केबिनमध्ये गेली. दार लावून घेतलं. बाहेर मला फक्त सरांचा आवाज येत होता, नंतर तोही येईना. ती बाहेर आली आणि म्हणाली, “करून घेणार आहेत. मी करणार आहे. आधी आठ किलो उतरवायला सांगितलंय.”

सरांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. गाडीतून न्यायचे तसेच, पण शीळफाट्याला नुसता हॉर्न ऐकत बसायचं. नवव्या दिवशी म्हणाले, “चहाडखोर आहात तुम्ही.” मी म्हटलं, “हो सर.” मग आम्ही परत थरांची उजळणी केली. शेव मात्र बंद झाली होती. आठाऐवजी नऊ किलो उतरले, आणि वजन उतरलं तशी सैल पडलेली कातडी आणि मधली फट उघडी दिसायला लागली. नुसता हर्निया बुजवून भागणार नव्हतं. भिंत शिवावी लागणार होती.

ऑपरेशनआधी फोटो काढायची पद्धत आहे. निळ्या पडद्यासमोर, कागदी चड्डीत, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. बायका संकोचायच्या तेव्हा सर म्हणायचे, “लाजू नका, हे पोटाचं ओळखपत्र आहे.” आता ते स्वतः त्या चड्डीत उभे राहिले आणि कॅमेरा माझ्या हातात. “हात वर, सर,” मी म्हटलं. त्यांनी हात वर केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. चौदा वर्षं ज्यांच्यासमोर मी तोंड उघडायला घाबरले, ते मला तेव्हा शाळेत वजन करायला उभं केलेल्या मुलासारखे दिसले. मला हसू नाही आलं. मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

ऑपरेशनच्या सकाळी सर लवकर आले आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. बराच वेळ बाहेर येईनात. मी दारावर टकटक केली तर आतून, “आलो, आलो.” आले ते अंगावर हिरवा गाऊन आणि हातात उघडा मार्कर. स्वतःची रेघ स्वतःच काढून आले होते. आरशात बघून.

थिएटरात भूल देणाऱ्या मॅडम सुई भरून तयार होत्या. कमरेतून भूल द्यायची ठरली होती, कारण सरांना जागं राहून लक्ष ठेवायचं होतं. ते टेबलाच्या कडेवर बसले, गाऊन बाजूला झाला, आणि केतकीने बघितलं. मीही बघितलं. रेघ छातीखाली बरोबर मध्ये होती. बेंबीच्या वर ती डावीकडे कलायला लागली आणि ओटीपोटाशी पोचेपर्यंत पार भरकटली होती. साहजिक होतं. पोट मध्ये आडवं, खालचं दिसत नाही, आरशात बघून हात चालवायचा, आणि चूक सांगायला कुणी नाही. त्या रेघेवर शिवलं असतं तर बेंबीही वाकडी बसली असती आणि भिंतही.

“सर, उभे राहा,” केतकी म्हणाली.

“रेघ काढलीय मी.”

“हो सर. उभे राहा.”

“केतकी, या थिएटरचा नियम काय आहे?”

“उभ्याने काढलेली रेघ टेबलावर बदलायची नाही.”

“मग?”

“तुम्ही अजून टेबलावर आडवे नाही झालात, सर.”

मॅडमना एकदम आपल्या सुईत फार रस वाटायला लागला. सर उठून निघून गेले असते तर परत कधी त्या टेबलापाशी आले नसते, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. कपडे घालून, मार्कर खिशात टाकून, लिंबाएवढा तो फुगवटा घेऊन शीळफाट्यावरून घरी गेले असते.

ते उभे राहिले.

केतकीने ते बुटकं स्टूल पायाने ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. “सिस्टर, स्पिरिट.” मी बोळा भिजवून दिला. तिने ती जांभळी रेघ वरपासून खालपर्यंत पुसून टाकली, त्वचा कोरडी केली आणि नवी काढायला घेतली. सर वर ट्यूबलाइटकडे बघत होते.

“किती गेली होती?” त्यांनी विचारलं.

“दोन बोटं.”

“कुणाची?”

“माझी.”

“म्हणजे माझं दीड.” त्यांनी बाथरूमच्या दिशेने मान हलवली. “तिथला आरसाच खराब आहे.”

“हो सर,” केतकी म्हणाली. आरसा गेल्याच महिन्यात बदलला होता.

ऑपरेशन चालू झालं आणि पडद्यापलीकडून सूचना सुरू झाल्या. “कातडी किती वर सोडवलीस? हर्निया बंद झाला? गाठ आत वळवलीस ना? मग घे पुढचा. घट्ट बसतोय? नाही, मला वाटतंय सैल आहे.” छातीखाली सगळं बधिर असलेल्या माणसाला टाका सैल कसा वाटत होता, देव जाणे. पहिला थर निम्मा झाला तेव्हा केतकी मान न उचलता म्हणाली, “मॅडम, सरांना झोपवा.”

“अगं, पण दुसरा थर...” एवढंच सर म्हणाले. नंतर छान घोरायला लागले. उरलेली भिंत केतकीने शांतपणे शिवली. मी इतक्या वर्षांत पुष्कळ भिंती पाहिल्या. तिच्यात खोट काढायला मला जागा सापडली नाही.

पुढचे काही दिवस सर आपल्याच पेशंटसारखे कमरेत वाकून, पोटाला पट्टा बांधून, बाजूला जखमेतलं पाणी गोळा करणारी ड्रेनची बाटली धरून कॉरिडॉरमध्ये चालायचे. जरा ताठ व्हायला गेले की मी ओरडायची, “वाकून चाला, सर!” मला हे वाक्य म्हणताना काय सुख मिळायचं ते सांगत नाही.

सर आता नाहीत. गेल्या वर्षी गेले, झोपेतच, हृदयाने. पोटाचा काही संबंध नव्हता. ते पोट शेवटपर्यंत सपाट होतं, याचा केतकीला अभिमान आहे आणि मलाही. त्यांच्या सुरीच्या, हाताच्या, त्यांनी सावरलेल्या पोटांच्या पुष्कळ गोष्टी सांगणारे भेटतील. मला मात्र आठवतो तो ते बरे होऊन परत आले तो दिवस.

दीड महिना झाला होता. जड उचलायची परवानगी मिळाली, म्हणजे ऑपरेशन करायचीही मिळाली. टेबलावर डोंबिवलीची एक बाई होती, तीन बाळंतपणं झालेली. तिच्यावरच्या रेघा त्या सकाळी केतकीने काढल्या होत्या. सरांनी काढतो म्हटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी त्यांचे आठ नंबरचे ग्लोव्हज टेबलाच्या उजव्या अंगाला मांडून ठेवले. ऑपरेशन करणारा तिथे उभा राहतो. डावं अंग मदतनिसाचं.

सर हात धुऊन आले. पेशंटच्या पायाकडून वळसा घालून गेले आणि डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

“सर, तुम्ही इकडे...” केतकी गोंधळली.

“सुरू कर. वेळ जातोय.”

तिने सुरू केलं. तासभर सरांनी तिच्यासाठी कातडी उचलून धरली. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता नाक मुरडतील. ते बघत होते फक्त. तिने छातीच्या हाडाखाली पहिला टाका घेतला, गाठ मारली आणि धाग्याची दोन्ही टोकं वर ताणून धरली. धागा कापणं हे मदतनिसाचं काम. मी कात्री सरांच्या हातात दिली. त्यांनी ती धाग्यापाशी नेली आणि थांबले. मास्कच्या वरून केतकीकडे बघून त्यांनी विचारलं,

“लांब ठेवू की आखूड?”

नवीन आलेला प्रत्येक शिकाऊ डॉक्टर पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारतो. केतकीचे डोळे भरून आले होते आणि हात अडकलेले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते.

“आखूड, सर,” ती म्हणाली, आणि त्यांनी कापला.